हायब्रिड गाडीचा पिकअप कसा पारखायचा: नाशिकमध्ये पहिल्यांदा हायब्रिड घेणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये हायब्रिड गाडीची चौकशी करायला निघालात की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा येतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं. पिकअपबद्दल मात्र धड कुणी सांगत नाही. शोरूममध्ये ऐकायला मिळतं, "एकदम इलेक्ट्रिकसारखी पळते." टर्बो पेट्रोल चालवणारा मित्र म्हणतो, "दम नाही रे तिच्यात." गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. तीच गाडी सिग्नलवरून सुटताना एक वागते, हायवेवर ऐंशीच्या पुढे ओव्हरटेक करताना दुसरंच, आणि पाच माणसं, भरलेली डिक्की घेऊन कसारा चढताना तिसरंच.

मी १.५ लिटर इंजिनाची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही वापरतो आणि नाशिक-मुंबई हा माझा नेहमीचा रस्ता आहे. गाडी घेण्याआधी काय बघायचं, कुठे बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, ते इथे क्रमाने लिहितोय. पिकअप हा हौसेचा विषय नाही. दोन ट्रकच्या मधून बाहेर पडायला किती सेकंद लागतात, हा घरच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

सोबत काय लागेल

- ड्रायव्हिंग लायसन्स (मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधलं)
- स्पीडोमीटरचं चित्रीकरण करायला मोबाइल, आणि तो धरायला दुसरा माणूस
- हवेचा दाब मोजायचा छोटा गेज
- घरातली तेवढी माणसं, जेवढी एरवी गाडीत बसतात
- नेहमीच्या प्रवासाच्या बॅगा
- वही-पेन (तिसरी गाडी बघेपर्यंत पहिलीचं काहीही आठवत नाही)

## १. आधी खात्री करा: माइल्ड की स्ट्राँग

मागच्या बाजूला ‘हायब्रिड’ लिहिलेली प्रत्येक गाडी सारखी नसते, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

माइल्ड हायब्रिडमध्ये स्टार्टर आणि अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र) अशी दोन्ही कामं करणारं एक छोटं यंत्र असतं. ते इंजिनाला जरासा हात देतं आणि सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करतं. एकट्या मोटरवर अशी गाडी चालत नाही. तिचा पिकअप म्हणजे साध्या पेट्रोल गाडीचाच पिकअप. तो वाईट असतो असं नाही, पण त्यासाठी हायब्रिडचे पैसे मोजू नका.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळी मोटर असते आणि ती एकटीसुद्धा गाडी ओढू शकते. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांची स्ट्राँग हायब्रिड रूपं, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आणि तिचीच जुळी बहीण इन्व्हिक्टो, होंडा सिटीची हायब्रिड, टोयोटा कॅमरी या सगळ्या याच गटातल्या. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय सही करू नका.

यांतली कुठलीच गाडी घरी चार्जिंगला लावायची नसते. ब्रेक मारताना आणि इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरत राहते.

## २. आकडे वाचा, पण बेरीज करू नका

ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर स्ट्राँग हायब्रिडचं ब्रोशर उघडा. इंजिन सुमारे ९२ पीएस (ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), मोटर ८० पीएस. बेरीज केली तर १७२ होतात. पण एकत्रित ताकद लिहिलेली असते सुमारे ११६ पीएस. हायक्रॉसमध्ये इंजिन १५२ आणि मोटर ११३, एकत्रित मात्र १८६.

मधली ताकद गेली कुठे? मोटर किती मोठी आहे यापेक्षा तिला वीज किती मिळते हे महत्त्वाचं. वीज दोनच ठिकाणांहून येते: बॅटरीतून, किंवा इंजिनाने फिरवलेल्या जनरेटरमधून. जनरेटरमधून येणारी वीज म्हणजे इंजिनाचीच ताकद, फक्त वेगळ्या वाटेने चाकांपर्यंत पोचलेली. ती दोनदा मोजता येत नाही. खरी भर पडते ती एकट्या बॅटरीची. ११६ मधून ९२ गेले, उरले २४. म्हणजे या गाड्यांमध्ये बॅटरीची मदत साधारण २४ पीएसची, १७ किलोवॉटच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, घाटात कामाला येणार आहे.

पीएसच्या शेजारी न्यूटन-मीटरचा आकडा असतो, म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर. या १.५ लिटर इंजिनाचा टॉर्क १२२ न्यूटन-मीटर आणि तोही ४४०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गाठल्यावर. मोटरचा १४१, आणि तो चाक फिरायला लागल्या क्षणापासून. होंडा सिटी हायब्रिडच्या मोटरचा तर २५३. सिग्नलवरून सुटताना पाठीला जो हलका धक्का जाणवतो तो मोटरच्या टॉर्कचा असतो. वेग वाढत जातो तसा मोटरचा टॉर्क उतरत जातो आणि मग एकूण पीएसचाच हिशेब उरतो. म्हणूनच ११६ पीएसची हायब्रिड साठपर्यंत तिच्या आकड्यापेक्षा चपळ वाटते आणि शंभरच्या पुढे अगदी आकड्याइतकीच.

हायक्रॉस हायब्रिड शून्य ते शंभर ९.५ सेकंदांत जाते असा टोयोटाचा दावा आहे. एवढ्या मोठ्या, तीन रांगांच्या गाडीला हे चांगलंच आहे. पण रोजच्या चालवण्यात शून्य ते शंभर कुणी एका दमात जात नाही. ब्रोशरमध्ये ४० ते ८० किंवा ६० ते १०० चे सेकंद कधी दिसत नाहीत, आणि तुम्हाला नेमके तेच हवे असतात. ते स्वतःच मोजायचे. कसे, ते पाचव्या पायरीत सांगतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हवेच्या घनतेबरोबर कमी होते. सहाशे मीटरवर ही घट साधारण सहा टक्के धरा. मोटरला मात्र हवा लागत नाही, तिची ताकद तीच राहते. त्यामुळे साध्या १.५ लिटर पेट्रोलच्या तुलनेत हायब्रिडला इथे थोडा फायदाच मिळतो. टर्बो इंजिन स्वतःच हवा दाबून घेतं, म्हणून त्यालाही या उंचीचा फारसा त्रास नाही.

## ३. आत काय चाललंय ते थोडक्यात समजून घ्या

टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन, जनरेटर आणि मोटर एकाच प्लॅनेटरी गिअरने जोडलेले असतात. याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण साध्या सीव्हीटीतला (पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला) पट्टा आणि पुली इथे नसतात. बदलायला गिअरच नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबलात की कॉम्प्युटर इंजिनाला सरळ वरच्या आरपीएमवर नेऊन ठेवतो आणि वेग मागून चढत येतो. आवाज आधी, वेग नंतर. मॅन्युअल गाडीची सवय असलेल्याला वाटतं क्लच घसरतोय. तसं काही नसतं. आवाजावर जाऊ नका, काटा बघा.

होंडाची रचना वेगळी आहे. तिथे बहुतेक वेळ चाकं मोटरच फिरवते आणि इंजिन तिच्यासाठी वीज बनवतं. हायवेवर एकसारख्या वेगात चालताना एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. शहरात ती जवळपास इलेक्ट्रिक गाडीसारखी वाटते.

या सगळ्या इंजिनांमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धत वापरतात. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे पेट्रोल कमी लागतं, पण खालच्या आरपीएमला ओढ कमी पडते. ती उणीव मोटर भरून काढते. बॅटरीत काही नसेल तर ती कशी भरून निघणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

## ४. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या अटींवर ठरवा

शोरूमची ठरलेली चक्कर म्हणजे सर्व्हिस रोडवरून दीडदोन किलोमीटर, एसी मंद, गाडीत तुम्ही आणि सेल्समन. एवढ्यात कुठलीही हायब्रिड छानच वाटते. फोनवरच स्पष्ट सांगा की किमान अर्धा-पाऊण तास हवा, घरचे सोबत असतील आणि हायवेला जायचंय. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये विचारा. पंधरा-वीस लाखांची वस्तू घेताना यात भिडस्तपणा नको.

निघण्यापूर्वी:

- हवेचा दाब तपासा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो. डेमो गाडीत हवा कमी असेल तर सगळं मोजमाप वाया.
- मोड कुठला आहे ते बघा. बहुतेक डेमो गाड्या इकोवर ठेवलेल्या असतात. इकोमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आळशी होतो आणि एसीही हात आखडतो. आधी नॉर्मलवर घ्या.
- स्क्रीनवर ऊर्जेचा प्रवाह दाखवणारं चित्र उघडून ठेवायला सांगा. इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यामधले बाण कुठून कुठे जातात ते पुढे बघत राहायचंय.
- बॅटरीच्या किती दांड्या भरल्यात ते वहीत लिहा.
- डेमो गाडीचा विमा आणि कागद चालू आहेत ना, हे विचारून घ्या. स्टिअरिंगवर तुम्ही असणार आहात.

एसी तुमच्या नेहमीच्या सेटिंगला ठेवा. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांत बघायला मिळालं तर फारच उत्तम.

## ५. शहर आणि हायवे, दोन्हीकडे मोजा

शहर. द्वारका सर्कल, मुंबई नाका, सीबीएस, यांपैकी एक जागा संध्याकाळी सहा ते आठमध्ये घ्या. सिंहस्थाच्या कामांमुळे गर्दी आणखी मिळेल, आपल्याला ती हवीच आहे. रांगेत सरकताना गाडी एकट्या मोटरवर चालते, आवाज जवळजवळ नसतो आणि अ‍ॅक्सिलरेटरला लगेच प्रतिसाद देते. शहरात हायब्रिडची खरी मजा हीच.

मात्र थांबल्या जागीही एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवरच चालतो. दहा मिनिटं रांगेत काढली की दांड्या उतरतात आणि गाडी उभी असतानाच इंजिन सुरू होतं. तो बिघाड नाही, बॅटरी भरणं चाललंय. अशा वेळी गर्दीतून सुटून उड्डाणपुलाच्या रॅम्पवर जोरात चढवून बघा. रिकाम्या बॅटरीवर गाडी कशी उचलते याचा पहिला अंदाज इथे येतो.

ब्रेकचाही अंदाज घ्या. पेडल दाबल्यावर सुरुवातीचा वेग मोटर वीज बनवत उतरवते, शेवटी खरे ब्रेक लागतात. या दोन्हींच्या सांध्यावर काही गाड्यांत हलकासा फरक जाणवतो. चार दिवसांत पाय सरावतो.

हायवे. पाथर्डी फाट्याहून विल्होळीच्या दिशेने निघा. सकाळी लवकर गेलात तर वाहनं कमी असतात. मोजायची पद्धत अशी:

१. शेजारच्याने मोबाइल स्पीडोमीटरवर धरून चित्रीकरण सुरू करायचं. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही.
२. पुढे-मागे रस्ता मोकळा बघून ४० च्या स्थिर वेगावर या.
३. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, ८० झाले की सोडा.
४. घरी व्हिडिओ बघून सेकंद मोजा.
५. तोच रस्ता, तीच दिशा, तेवढीच माणसं ठेवून पुन्हा करा. एकदा बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना, एकदा दोन दांड्यांवर.

दोन दांड्यांवर आणायची कशी? गाडी ‘रेडी’मध्ये (म्हणजे चालू, निघायला तयार) उभी ठेवून एसी फुल करा, किंवा ईव्ही बटण दाबून कॉलनीत हळूहळू फिरा. सेल्समनला हे विचित्र वाटेल. वाटू द्या. दोन मोजमापांमधला फरक हाच या गाडीचा खरा स्वभाव, आणि तो तुम्हाला कुठल्याही ब्रोशरमध्ये सापडणार नाही.

६० ते १०० बघायचं असेल तर जिथे बोर्डावर तेवढी वेगमर्यादा आहे तिथेच बघा. शून्य ते शंभर सार्वजनिक रस्त्यावर अजिबात करू नका, त्यातून कळणार काहीच नाही.

आता ओव्हरटेकची सवय. हायवेवर उतारावर किंवा हलक्या पायाने चालताना इंजिन अनेकदा बंद असतं. अचानक पूर्ण पाय दिलात तर इंजिन सुरू होऊन वरच्या आरपीएमला पोचेपर्यंत क्षणभर जातो. म्हणून ट्रकच्या मागे असतानाच, बाहेर पडण्याच्या जरा आधी, पेडल अर्धं दाबा. इंजिन जागं होतं. मग रस्ता मोकळा दिसला की पूर्ण दाबा. पेडल सोडायचं, दाबायचं, पुन्हा सोडायचं असं पंपिंग करू नका, त्याने गाडी दरवेळी नव्याने विचार करते. पॉवर किंवा स्पोर्ट मोड असेल तर हायवेवर लावा. त्याने ताकद वाढत नाही, पेडल धीट होतं, आणि ओव्हरटेकला तेवढंही पुरतं.

## ६. घाट: सगळ्यात महत्त्वाची पायरी

मुंबईहून येताना कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत गाडी सुमारे तीनशे मीटर वर चढते. आता एक छोटा हिशेब. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १६०० किलो धरा. एवढं वजन नुसतं तीनशे मीटर उचलायला साधारण १.३ किलोवॉट-तास (विजेच्या बिलातलं युनिट) ऊर्जा लागते. त्यात टायरचं घर्षण, हवेचा विरोध, एसी काहीच धरलेलं नाही. आणि हायरायडर-ग्रँड व्हिटाराची बॅटरी आहे ०.७६ किलोवॉट-तासांची. पूर्ण भरलेली बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत वापरली तरी अर्ध्या घाटापलीकडे पुरत नाही. शिवाय गाडी ती पूर्ण वापरू देतच नाही. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून वरचा आणि खालचा काही भाग राखून ठेवलेला असतो.

दुसऱ्या बाजूने बघा. बॅटरीने सतत १७ किलोवॉट दिले तर सगळी बॅटरी पावणेतीन मिनिटांच्या आत संपेल. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधीच मदत आटते. त्यानंतर ११६ पीएसची गाडी ९२ पीएसची होते, आणि उंचीची सहा टक्के घट धरली तर ८६ च्या आसपासची.

स्क्रीनवर हे अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसतं. चढ सुरू होताना इंजिन आणि बॅटरी, दोन्हींकडून बाण चाकांकडे येत असतात. दोन-तीन वळणं झाली की दांड्या तीनवर, मग दोनवर. बॅटरीकडचा बाण बारीक होतो, नाहीसा होतो, आणि अधूनमधून उलटा फिरतो, म्हणजे इंजिन गाडीही ओढतंय आणि बॅटरीही भरतंय. आवाज वर जाऊन एकाच सुरात अडकतो. मागच्या सीटवरून आई विचारते, "गाडीला काही झालं का रे?" काही झालेलं नसतं. गाडी नीट चढत असते, फक्त खिशात राखीव काही उरलेलं नसतं.

म्हणून घाटात चालवताना:

- पायथ्यापासून पूर्ण पाय देऊ नका. एकसारख्या वेगात, मध्यम पायाने चढा. बॅटरी ओव्हरटेकसाठी राखा.
- दांड्या दोनवर असताना लांब ट्रेलरला ओव्हरटेक करायला निघू नका. जरा मागे राहा. सपाटी आली की अर्ध्या-एक मिनिटात बॅटरी सावरायला लागते.
- ईव्ही बटणाला हात लावू नका.

उतरताना गोष्ट उलटी. नाशिकहून मुंबईकडे जाताना तेच १.३ किलोवॉट-तास गाडीला परत मिळू पाहतात, पण ठेवणार कुठे? अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि मोटरचं ब्रेकिंग कमी होतं. इथे गिअर लिव्हर ‘बी’वर (ब्रेकिंगची जागा) घ्या. गाडी इंजिनाला बिनपेट्रोलचं फिरवून वेग धरून ठेवते. आवाज मोठा येतो, पेट्रोल जळत नाही आणि ब्रेक तापत नाहीत. होंडामध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने हेच ब्रेकिंग कमी-जास्त करता येतं. न्यूट्रलमध्ये घाट कधीही उतरवू नका. पेट्रोल वाचत नाही, बॅटरी भरत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून बरेच जण जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जातात आणि कसारा टाळतात. चढ सौम्य झाला, उंची मात्र तेवढीच गाठायची असते. आणि समृद्धीवर प्रश्न वेगाचा येतो. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० ऐवजी १२० ने गेलात तर ती जवळपास साडेतीनपट होते. तिथे सगळं ओझं इंजिनावर पडतं, मोटरची मदत नावापुरती, आणि लिटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर हा ब्रोशरमधला आकडा तिथे शोधू नका. शंभरच्या आसपास चालवलीत तर गाडीही शांत राहते आणि पेट्रोलही.

शोरूमवाले कसाऱ्यापर्यंत गाडी देत नाहीत, हे उघड आहे. त्यावर दोन उपाय. ओळखीत कुणाकडे तेच मॉडेल असेल तर त्यांच्या मुंबई फेरीत शेजारी बसा आणि स्क्रीन बघा. किंवा हायक्रॉस घ्यायची असेल तर एकदा मुंबईला हायक्रॉस टॅक्सीने जा. ती हायब्रिड आहे, साधी पेट्रोल नाही, हे आधी विचारून घ्या. यातलं काहीच जमलं नाही तर पेठ रोडचा सावळ घाट जवळ आहे. शोरूमशी बोलून बघायला हरकत नाही.

माझं मत सरळ सांगतो. आठवड्यातून बहुतेक दिवस इंदिरानगर ते सातपूर, कॉलेज रोड, नाशिक रोड असं शहरात फिरणं असेल आणि महिन्यातून एक-दोनदा मुंबई, तर १.५ लिटर स्ट्राँग हायब्रिडचा पिकअप पुरून उरतो. पण नेहमी सात माणसं, नेहमी घाट, वणीच्या गडावर कुटुंबासह वरचेवर जाणं असेल तर हायक्रॉसच्या वर्गातली ताकद हवी. आणि निव्वळ पिकअपच हवा असेल तर त्याच पैशांत टर्बो पेट्रोल जास्त देते. तिथे हायब्रिडचा आग्रह धरू नका.

## ७. किंमत आणि कागदपत्रं

चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० सीसीपेक्षा मोठ्या पेट्रोल हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून ४३ होता. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के. रोड टॅक्सही आपल्याकडे पेट्रोल गाडीच्या दरानेच लागतो: दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, त्यावर १३. ‘हायब्रिड म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक, टॅक्स माफ’ असं कुणी सांगितलं तर कोटेशन मागा आणि ओळीओळीने वाचा.

आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो. कर्ज असेल तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा किंवा आयटी रिटर्न. नोंदणीचे फॉर्म २०, २१ आणि २२ डीलरच सादर करतो, एमएच-१५ नंबरसाठी तुम्हाला पेठ रोडच्या आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. पसंतीचा नंबर हवा असेल तर नोंदणीच्या आधी सांगा. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) घेतात, रिटर्न भरताना तो मागता येतो.

हायब्रिड बॅटरीला या कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात. ती लेखी घ्या आणि कशाने रद्द होते ते वाचा. बाहेरून वायरिंग कापून लावलेले हॉर्न-लाइट हे त्यातलं नेहमीचं कारण.

डिक्की उघडून तुमच्या बॅगा खरोखर ठेवून बघा. काही मॉडेलमध्ये बॅटरी तिथली जागा खाते. साध्या होंडा सिटीची डिक्की ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६.

## ८. गाडी घरी आल्यावर पिकअप टिकवायचा असेल तर

मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच आत घेतली जाते. त्याची जाळी कुठे आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, डिलिव्हरीच्या दिवशी दाखवायला सांगा. त्या जाळीसमोर द्राक्षांची खोकी, गोणपाट, उशा काही ठेवू नका. हवा कोंडली की बॅटरी तापते आणि गाडी स्वतःहून मोटरची मदत कमी करते. मळ्यात जाणं-येणं असेल तर जाळीची धूळ प्रत्येक सर्व्हिसला साफ करून घ्या, बिलावर त्याची नोंद आहे का तेही बघा.

थंडीत, विशेषतः निफाडच्या बाजूला राहत असाल तर, सकाळी गाडी सुरू करताच इंजिन चालू होतं आणि गरम होईपर्यंत बंद होत नाही. ईव्ही मोडही लागत नाही. पहिली काही मिनिटं हलक्या पायाने चालवा.

आणि या गाडीत नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीसुद्धा असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि धक्का मारून सुरू करायची सोय नाही. गाडी ‘रेडी’ नसताना गाणी लावून बसू नका. दोन-तीन आठवडे गावाला जाणार असाल तर घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा, मोकळ्या जागेत, अर्धा तास ‘रेडी’मध्ये ठेवायला सांगा. आणि जंप स्टार्टसाठी वायर कुठे लावायची ते पान मॅन्युअलमध्ये खूण करून ठेवा.